घटस्फोटानंतरचं कर्ज आणि विस्कटलेला हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही वेगळे झालो तेव्हा सामानाची यादी केली होती. कपाट कोणाकडे, पुस्तकं कोणाकडे, मुलीची सायकल कुठल्या घरी. बचत वाटली, कर्जंही वाटली. एक गोष्ट मात्र कोणाच्याच यादीत नव्हती, ती म्हणजे पैशांचं काम. बिलाची तारीख लक्षात ठेवायची, विम्याचा हप्ता चुकू द्यायचा नाही, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चासाठी आधीपासून बाजूला काढायचं, हे सगळं बारा वर्षं बायकोने सांभाळलं. मी कमावत होतो आणि त्यालाच संसार चालवणं समजत होतो. वेगळा झालो तेव्हा पगार माझ्याकडे होता, पण पगाराचं पुढे काय करतात हे ठाऊक असलेलं माणूस घरात नव्हतं.

दोन वर्षांत ११ ठिकाणी देणं झालं. फिटायला साडेचार वर्षं लागली. त्यानंतर ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक विचारायला येऊ लागले. प्रश्न बहुतेक तेच ते असायचे, म्हणून एकदाचे लिहून काढले. कायदे देशोदेशी वेगळे असतात. जिथे कायद्याचा प्रश्न येतो तिथे माझं ऐकून थांबू नका, तुमच्या भागातल्या वकिलाला विचारा.

पगार तोच आहे, माणसंही कमी झाली. मग भागत का नाही?

कारण संसार मोडला की खर्चाचे दोन सारखे तुकडे होत नाहीत. भाडं, वीज, इंटरनेट, फ्रिज, गॅस, सगळं दोनदा लागतं. कुटुंबांच्या उत्पन्नाची तुलना करायची एक मोजपट्टी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नावाने ओळखली जाते. घरातला पहिला प्रौढ माणूस १, दुसरा प्रौढ ०.५ आणि लहान मूल ०.३. या मापाने एका छताखालच्या जोडप्याची गरज १.५ भरते. तीच दोघं वेगळी राहू लागली की १ अधिक १, म्हणजे २. आधीसारखंच राहायचं तर दोघांना मिळून एक तृतीयांश जास्त पैसा लागतो, आणि तो कुठूनच येणार नसतो.

माझं पहिलं वर्ष इथेच फसलं. मी जुन्याच घराएवढं घर घेतलं, कारण ‘मुलीला फरक जाणवू नये’. फरक जाणवला नाही, कारण तो मी क्रेडिट कार्डावर टाकत होतो.

कोर्टाच्या कागदावर कर्ज माझ्या आधीच्या जोडीदाराने फेडायचं असं लिहिलंय. तरी बँक माझ्यामागे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चटकाही यातच बसतो. घटस्फोटाचा करार तुम्हा दोघांमधला. कर्जाचा करार तुम्ही दोघं आणि बँक यांच्यातला. पहिल्या कागदावर बँकेची सही नसते, त्यामुळे जवळपास सगळीकडे तो बँकेला बांधील नसतो. संयुक्त कर्ज घेताना दोघांनी ‘संपूर्ण रकमेला मी जबाबदार’ अशी सही केलेली असते, निम्म्या रकमेला नव्हे. समोरच्याने हप्ता चुकवला की बँक ज्याच्याकडून वसुली सोपी त्याच्याकडे येते, आणि नोंद दोघांच्याही पतअहवालात, म्हणजे कर्जं आणि त्यांची फेड यांच्या नोंदींत (क्रेडिट रिपोर्ट), खराब होते.

कोर्टाच्या आदेशाचा उपयोग नाही असं नाही. तुम्हाला भरावे लागलेले पैसे त्याच्या जोरावर समोरच्याकडून मागता येतात. पण आधी भरायचे, मग मागायचे, असा तो क्रम आहे.

म्हणून कर्जाची वाटणी कागदावर करून थांबू नका. संयुक्त कर्ज शक्य असेल तर बंदच करा: वस्तू विकून, किंवा ज्याच्याकडे ती राहणार त्याने स्वतःच्या एकट्याच्या नावावर नवं कर्ज काढून. बँक एकट्याच्या उत्पन्नावर द्यायला तयार नसेल, तर ते घर किंवा ती गाडी त्या एकट्याला झेपणारी नाही हे तिथेच कळतं. कटू वाटलं तरी वेळेत कळलेलं बरं. संयुक्त खातं, त्यावरची उचल सवलत (ओव्हरड्राफ्ट), तुमच्या कार्डावर समोरच्याला दिलेलं जोडकार्ड, हे सगळं लेखी अर्ज करून बंद करा आणि पोच घ्या. नुसतं कार्ड कात्रीने कापल्याने खातं बंद होत नाही. मला हे सांगावं लागतंय, कारण मी तेच केलं होतं.

मी फक्त जामीनदार होतो/होते. कर्ज माझं नाहीच ना?

मूळ कर्जदाराने भरलं नाही तर तुमचंच. घटस्फोटाने जामीन आपोआप सुटत नाही. बँकेने लेखी मोकळं केलं तरच सुटतो, आणि त्यासाठी ती बहुधा दुसरा जामीनदार किंवा जास्तीचं तारण मागते.

कुठून सुरुवात करू? मला तर आलेली पाकिटं उघडायचीही भीती वाटते.

माझ्याकडे बुटांचं रिकामं खोकं होतं. येईल ते पाकीट त्यात टाकायचो, न उघडता. खोकं भरलं तेव्हा दुसरं खोकं शोधलं. इतकं सांगितलं म्हणजे तुमच्या भीतीला मी हसत नाही हे कळेल.

या भीतीमागे कारण आहे. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या उलथापालथींना ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, त्याखालोखाल घटस्फोट ७३, आणि वेगळं राहणं ६५. आर्थिक स्थितीतल्या मोठ्या बदलाला ३८. तुमच्यावर यातलं दोन-तीन एकदम आलेलं असतं. शिवाय चणचणीत डोकं नीट चालत नाही, हेही तपासलं गेलंय. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना हंगामाआधी, हात आखडलेला असताना, आणि नंतर, पैसा आल्यावर, सारख्याच प्रकारची कोडी दिली होती. माणसं तीच, पण आधीच्या वेळी ती कमी पडली. या अभ्यासावर पुढे वादही झाले, पण ज्याने महिनाअखेर काढलीय त्याला ते पटायला वेळ लागत नाही. तेव्हा ‘मी मूर्ख आहे’ हा निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवा.

मी खोकं रविवारी सकाळी उघडलं. एक मित्र समोर बसला होता, त्याच्याकडून मला सल्ला नको होता, फक्त तो उठून जाऊ नये एवढंच हवं होतं. तो पाकीट फाडायचा, मी आकडा लिहायचो. वहीत आडवे रकाने असे होते: कोणाचं देणं, किती शिल्लक, व्याज किती, हप्त्याची तारीख, कोणाच्या नावावर, आणि तारण काय. ११ ओळी झाल्या. बेरीज माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा कमी निघाली, पण दोन देणी अशी सापडली जी मी पार विसरलो होतो. आणि बँकेचा तपशील चाळताना दिसलं की मुलीच्या पोहण्याच्या वर्गाची फी दर महिन्याला आपोआप कापली जातेय. तिने पोहणं सोडून १४ महिने झाले होते. ती फी आईने सुरू केली होती, माझ्या खात्यावरून, आणि बंद करायचं काम कोणाचं हे वाटणीत ठरलंच नव्हतं.

यादी झाली की तुमचा पतअहवाल मागवून तिच्याशी ताडून पाहा. बऱ्याच देशांत तो ठरावीक काळाने फुकट मिळतो. तुम्ही विसरलेली आणि तुम्हाला न सांगितलेली, दोन्ही प्रकारची कर्जं त्यात दिसतात.

सगळ्यांना देता येणार नाही इतकं कमी आहे. आधी कोणाला?

जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याला नाही. फोन करकरून हैराण करणारे बहुधा विनातारण कर्जवाले असतात, कारण त्यांच्याकडे जप्त करायला काही नसतं. आधी छप्पर, वीज-पाणी, किराणा, औषधं आणि कामावर जायचा खर्च. मग जिथे न भरल्यास घर किंवा कामाला लागणारं वाहन जाईल ती कर्जं. पोटगी आणि कर यांच्याकडे दुर्लक्ष केलं तर मामला थेट सरकारशी आणि कोर्टाशी येतो, म्हणून तेही वरच्याच रांगेत. कार्डं आणि वैयक्तिक कर्जं त्यानंतर.

मी उलटं केलं होतं. रोज फोन येणाऱ्या कार्डाला भरत राहिलो आणि दोन महिने घरभाडं थकवलं, कारण घरमालक भला माणूस होता, काही बोलत नव्हता.

कार्डाची किमान रक्कम दर महिन्याला न चुकता भरतो. तरी आकडा हलत का नाही?

कारण किमान रक्कम ठरवलेलीच अशी असते की तुम्ही थकबाकीदार ठरणार नाही आणि कर्जमुक्तही होणार नाही. वही घेऊन बसा, हे एकदा हाताने करून पाहा.

समजा कार्डावर १,००,००० थकलेत. व्याज महिन्याला ३ टक्के, किमान भरणा थकबाकीच्या ५ टक्के. महिनाभरात व्याज लागून १,०३,००० होतात. तुम्ही त्याचे ५ टक्के, म्हणजे ५,१५० भरता. उरले ९७,८५०. खिशातून गेले ५,१५० आणि कर्ज उतरलं २,१५०. पुढच्या महिन्यात थकबाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी, म्हणून उतरण्याचा वेगही कमी. असं चालत राहिलं तर ३२ महिन्यांनी अर्धं कर्ज अजून तसंच असतं. दहावा हिस्सा उरेपर्यंत जवळजवळ ९ वर्षं जातात. हे सगळं त्या कार्डावर नवी खरेदी शून्य धरून.

आता फक्त एक गोष्ट बदला. बिलावरची किमान रक्कम घटत गेली तरी तुम्ही दर महिन्याला पहिल्या महिन्याचेच ५,१५० भरत राहा. ३० व्या महिन्यात कर्ज संपतं. पहिल्या महिन्यात भरलेत त्यापेक्षा एक पैसाही कधी जास्त भरला नाही, नुसता आकडा खाली येऊ दिला नाही.

आणि काहीच भरलं नाही तर? ७२ ला व्याजदराने भागा. ३ टक्के महिना असेल तर २४ महिन्यांत दुप्पट, दंड वेगळाच. हा ७२ चा ठोकताळा १४९४ साली इटालियन गणिती लुका पाचोलीच्या छापील ग्रंथातही आहे. ‘महिना ३ टक्के’ ऐकायला बारीक वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं.

जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडू की सगळ्यात छोटं?

गणित म्हणतं जास्त व्याजाचं. ते बरोबरच आहे. बाकी सगळ्यांना किमान भरायचं आणि उरलेला सगळा जोर सर्वांत महाग कर्जावर लावायचा, यात एकूण व्याज सगळ्यात कमी जातं.

पण माणूस गणितावर चालत नाही, निदान घटस्फोटाच्या दुसऱ्या वर्षात तरी नाही. २०१२ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हिड गाल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी कर्ज निवारण योजनेतल्या लोकांच्या नोंदी तपासल्या. खाती बंद होत गेली की माणूस शेवटपर्यंत तग धरण्याची शक्यता वाढते असं त्यांना दिसलं, रक्कम किती फिटली हा भाग बाजूला ठेवूनही. मी ११ पैकी तीन चिल्लर देणी पहिल्या चार महिन्यांत उडवली. वहीतल्या तीन ओळींवर आडवी रेघ मारली. मग उरलेल्या आठांत व्याजाप्रमाणे क्रम लावला. व्याजात थोडं नुकसान झालं असेल, पण सुरुवातीला त्या तीन रेघा दिसल्या नसत्या तर मी पुन्हा खोक्याकडे वळलो असतो.

सगळी कर्जं मिळून एकच मोठं कर्ज काढावं का?

दर खरंच कमी असेल, मुदत फार लांबत नसेल आणि जुनी कार्डं त्याच दिवशी बंद होणार असतील तर जरूर. तिसरी अट लोक गाळतात. मोकळी झालेली कार्डं वर्षभरात पुन्हा भरतात आणि मग नवं कर्ज अधिक जुनी कार्डं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

दर विचारताना ‘फ्लॅट की घटत्या शिलकीवर’ हे विचारल्याशिवाय उठू नका. १,००,००० वर १२ टक्के फ्लॅट, ३ वर्षं, म्हणजे व्याज ३६,००० आणि हप्ता सुमारे ३,७७८. ऐकायला १२ टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर आकारलं जातं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर २१ टक्क्यांच्या वर पडतो. शिवाय प्रक्रिया शुल्क, विमा, मुदतीआधी फेडल्यास दंड, हे सगळं मिळवूनच तुलना करा.

‘आधी फी भरा, मग तुमचं सगळं कर्ज मिटवून देतो’ म्हणणारा भेटला तर तिथून निघा.

आईवडिलांकडून, भावाकडून उसने घेतलेत. ते कर्जात धरायचे का?

धरायचे. वहीत त्यांचीही ओळ हवी, व्याज शून्य असलं तरी. नातेवाइकांचे पैसे परत करणं आपण शेवटी ढकलतो, कारण ते मागत नाहीत. ते मागत नाहीत, पण लग्नसमारंभात आपण नवीन शर्ट घातला की त्यांची नजर एक क्षण त्या शर्टावर थांबते. मी भावाला एका कागदावर लिहून दिलं: किती घेतले, कधीपासून दर महिन्याला किती देईन. तो म्हणाला, ‘अरे, कागद कशाला?’ आणि घडी घालून खिशात ठेवला. त्या दिवसापासून आमचं बोलणं मोकळं झालं.

येणारी पोटगी उत्पन्नात धरावी का?

हातात आल्यावर. ठरलेल्या तारखेला येईल असं धरून हप्ता बांधू नका. देणाऱ्यांसाठी उलट नियम: ती पगार आला त्याच दिवशी काढून टाका.

मुलांना ‘नाही’ म्हणवत नाही. आधीच त्यांचं घर मोडलंय.

हे मी कोणाला शिकवावं असा माझा अधिकार नाही. शनिवार-रविवार मुलगी माझ्याकडे असायची आणि दोन दिवसांत मी आठवडाभराचं उडवायचो. सिनेमा, बाहेर जेवण, खेळणी, निघताना हातात पिशवी. ती आईकडे परतली की ती पिशवी म्हणजे माझी हजेरी असं काहीतरी डोक्यात होतं. तिकडे आईला वाटायचं हा पैसा उधळतोय आणि फी भरताना रडतोय. दोन्ही खरंच होतं.

एका शनिवारी खरंच पैसे नव्हते. मी तिला सांगितलं, या महिन्यात बाबाचे पैसे संपलेत. ती नऊ वर्षांची होती. तिने विचारलं, ‘म्हणजे आपण घरीच?’ आणि दिवसभर आम्ही जुन्या फोटोंचं खोकं आवरलं. तिला ते इतकं आवडलं असंही नाही, दुपारी कंटाळली होती. पण पुढच्या शनिवारी ती आली, आणि पिशवीची आठवण तिने काढली नाही.

मुलांना आकडे सांगू नयेत, आणि ‘तुझ्या आईमुळे’ किंवा ‘तुझ्या बाबांमुळे’ हे तर मुळीच नाही. ‘सध्या जपून खर्च करतोय’ एवढं त्यांना पेलतं. दोन्ही घरांत मोठ्या खर्चाबद्दल, म्हणजे फी, वाढदिवस, सहल यांबद्दल आधी ठरवता आलं तर भेटवस्तूंची चढाओढ थांबते. बोलणं होत नसेल तर तेवढ्यापुरता संदेश पाठवा, लांबवू नका.

वेगळं झाल्यावर कळलं की जोडीदाराने लपवून कर्ज केलं होतं. ते माझं का?

सही कोणाची आहे यावर बरंच अवलंबून. फक्त समोरच्याच्या नावावर असेल तर अनेक ठिकाणी तुम्ही जबाबदार नसता. पण काही देशांत लग्नाच्या काळात घरासाठी काढलेलं कर्ज दोघांचं धरतात. तुमची सही खोटी केली असेल तर तो गुन्हा आहे, आणि तो तसा नोंदवावा लागतो, नाहीतर कर्ज तुमचंच मानलं जाऊ शकतं. इथे वकील हवाच.

कायद्याशिवायही एक काम आहे. सगळ्या खात्यांचे पासवर्ड, ओटीपी येणारा फोन नंबर, ईमेल आणि पत्रव्यवहाराचा पत्ता आजच बदला. विमा आणि बचत खात्यांवरचं वारसदाराचं नावही बघा. ते घटस्फोटाने आपोआप बदलेल या भरवशावर राहू नका.

वसुलीवाल्यांचे फोन येतात. काय बोलू?

फोन उचला, नाव आणि संस्था विचारा, ‘जे काही आहे ते लेखी पाठवा’ म्हणा आणि ठेवा. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि काय म्हणाले ते वहीत टिपा. धमकी, शिवीगाळ, ऑफिसात किंवा शेजाऱ्यांकडे बभ्रा, यांची तक्रार करता येते आणि तिथे ही टिपणं उपयोगी पडतात. फोनवर कबूल करू नका की अमुक तारखेला अमुक भरतो, जर ते जमणार नसेल तर. सुटका करून घ्यायला मी तीनदा असं कबूल केलं. चौथ्या वेळी माझ्या खऱ्या अडचणीवरही कोणी विश्वास ठेवला नाही.

त्यापेक्षा हप्ता चुकण्याआधी स्वतःच बँकेला पत्र द्या: घटस्फोट झालाय, उत्पन्न इतकं, अत्यावश्यक खर्च इतका, इतकं भरू शकतो. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज घेणं, अशा सवलती असतात. चुकायच्या आधी मागितल्या तर त्या मिळण्याची शक्यता जास्त.

बँक ‘सेटलमेंट’ देतेय, निम्म्यात मिटवतो म्हणते. घेऊ?

दुसरा मार्गच नसेल तर घ्या, पण किंमत समजून घ्या. पतअहवालात ‘पूर्ण फेडलं’ आणि ‘तडजोडीने मिटलं’ यात फरक असतो आणि दुसरी नोंद काही वर्षं नव्या कर्जाच्या आड येते. माफ झालेली रक्कम काही देशांत उत्पन्न धरून तिच्यावर कर लागतो. आणि पैसे देण्याआधी पत्र हातात हवं: किती भरल्यावर खातं पूर्ण बंद, पुढे काही येणं नाही. तोंडी सेटलमेंटवर पैसे भरून उरलेल्या रकमेची नोटीस आलेले लोक मी पाहिलेत.

दर वेळी बजेट करतो, दहा तारखेपर्यंत मोडतं.

बहुधा तुमच्या बजेटमध्ये फक्त दरमहाचे खर्च आहेत. विमा, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती, चष्मा, कोणाचं लग्न, हे वर्षातून एक-दोनदाच येतं म्हणून कागदावर नसतं, आणि आलं की कार्ड बाहेर निघतं. गेल्या वर्षीचा बँकेचा तपशील घ्या, असे खर्च वेचा, बेरजेला १२ ने भागा. तो आकडा दर महिन्याला वेगळ्या खात्यात. माझ्या माजी पत्नीचं नेमकं हेच चाललेलं असायचं, आणि मी त्याला ‘पैसे दडवणं’ म्हणायचो.

रोजच्या खर्चाला महिना फार लांब पडतो. आठवड्याचा आकडा ठरवा, सोमवारी तेवढेच काढा. शनिवारी संपले तर दोन दिवस ओढायचे, वीस दिवस नाही. खर्च लिहायला वही की अ‍ॅप हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही, जे तुम्ही उघडाल ते.

अंगावर कर्ज असताना बचत कशी करणार?

थोडी करायची, अगदी महिन्याच्या खर्चाएवढी साठेपर्यंत तरी. बचतीवर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी आहे हे खरं. पण हाताशी काहीच नसेल तर पहिलं दुखणं पुन्हा कार्डावर जातं.

नवीन नातं जुळतंय. कर्जाचं कधी सांगू?

एकत्र राहण्याचा विषय निघण्याआधी. आकड्यासकट.

रात्री झोप लागत नाही. कधी वाटतं, सगळंच संपवावं.

तसं वाटत असेल तर बाकीचं पान सोडून द्या आणि आत्ता कोणाला तरी फोन करा: घरचं माणूस, मित्र, डॉक्टर किंवा तुमच्या भागातली मदतवाहिनी. कर्जावर उपाय असतात, हप्ते पुढे ढकलता येतात, तडजोड होते, अनेक देशांत दिवाळखोरीचा कायदेशीर मार्गही आहे. ते नंतर बघू. मीही त्या काळात डॉक्टरकडे गेलो होतो, झोपेसाठी म्हणून. वीस मिनिटं पैशांबद्दलच बोललो.

शेवटचा हप्ता भरला. आता झालं ना?

अजून नाही. ‘काही येणं नाही’ असं पत्र घ्या. तारण ठेवलेली कागदपत्रं परत घ्या, मोजून. खात्यातून आपोआप कापण्याचा आदेश रद्द करा. दोन-तीन महिन्यांनी पतअहवाल पुन्हा काढा आणि खातं ‘बंद’ दिसतंय का ते पाहा. दिसत नसेल तर ते पत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज करा.

माझ्या अकराव्या ओळीवर रेघ मारली त्या दिवशी मी त्या मित्राला घेऊन जेवायला गेलो, रोख पैसे देऊन. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला त्याच कर्जाचा आणखी एक हप्ता खात्यातून गेला. कापण्याचा आदेश रद्द करायचा राहिला होता. परत मिळवायला सहा आठवडे आणि चार अर्ज लागले. वहीत बारावी ओळ झाली, ‘येणं’ या रकान्यात.